सांगलीतील घरपोच रुग्णसेवा: सहा महिन्यांचा अनुभव

पुण्यात माझ्या मुलावर मूत्रपिंड प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली आणि मूत्रपिंड त्याच्या आईने दिले. महिनाभर रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहिल्यावर आम्ही सांगलीला परतलो, तेव्हा पोटावर ताजे व्रण असलेली दोन माणसे घरात होती आणि त्यांचे सगळे पाहणारा, वयाची 66 वर्षे पूर्ण केलेला मी एकटा होतो. दमणूक त्याआधीच सुरू झाली होती, कारण 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात आई ही जवळची नातेवाईक असली तरी नात्याचे पुरावे, तपासण्या आणि मुलाखती यांत कित्येक आठवडे गेले होते. एका परिचितांनी विश्रामबाग भागातून चालणाऱ्या या घरपोच सेवेचे नाव सुचवले. सकाळी आठ ते दुपारी बारा, चार तासांचे 500 रुपये, असे ठरले.

मी ही सेवा मुलासाठी घेतली होती. तिचा खरा उपयोग मला झाला, आणि तो कसा झाला हे सांगण्यासाठीच हे लिहीत आहे.

सेवेची एक जाड वही असते. डाव्या पानावर रुग्णाचे वजन, ताप, रक्तदाब, प्यालेले पाणी आणि लघवीचे माप लिहितात. अशी नोंद प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येक घरात असतेच. उजव्या पानावर मात्र ‘सांभाळणारी व्यक्ती’ असा मथळा आहे आणि त्याखाली झोप किती तास, जेवण वेळेवर झाले का, स्वतःची औषधे घेतली का, असे रकाने आहेत. पहिले दोन दिवस मी ते पान कोरे ठेवले. तिसऱ्या दिवशी मुलाचा रक्तदाब मोजून झाल्यावर सेवेतून येणाऱ्या ताईंनी पट्टा न गुंडाळता माझ्याकडे वळून म्हटले, “काका, आता तुमचा हात द्या.” आकडा 168/102 आला. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी पुण्यातच संपली होती. मुलाच्या गोळ्या मोजून डबीच्या कप्प्यांत भरणाऱ्या मला तीन आठवड्यांत तिची आठवणही झाली नव्हती. त्याच दिवशी मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. बाहेर पडता आले, कारण घरी जाणते माणूस होते.

प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या बारा-बारा तासांच्या अंतराने, आमच्याकडे सकाळी नऊ आणि रात्री नऊला द्याव्या लागतात आणि शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून त्या प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवतात. नातेवाईकांना हे समजावता समजावता मी थकून जात असे. भेटायला येणारा कुणी ‘प्रतिकारशक्ती वाढावी’ म्हणून गुळवेलीचा काढा घेऊन येई, कुणी सर्दी असतानाही पलंगावर येऊन बसे. ज्येष्ठांना नाही म्हणणे मला जड जाई. ताई मात्र दारातच मास्क देत, हात धुवायला सांगत आणि काढ्याची बाटली गोड बोलून परत पाठवत. रोजचा हा वाईटपणा दुसऱ्या कुणी घेतल्याने माझ्यावरचा किती ताण उतरला, हे ज्यांनी असे आजारपण घरात काढले आहे त्यांना सांगावे लागणार नाही.

आता तक्रार. दुसऱ्या महिन्यात एका आठवड्यात तीन वेगवेगळी माणसे आली. मुलाच्या रक्तातील औषधाचे प्रमाण तपासण्याच्या दिवशी, म्हणजे ज्याला आम्ही ‘टॅक्रो लेव्हल’ म्हणतो त्या दिवशी, सकाळची गोळी रक्त काढल्यानंतरच द्यायची असते. त्या दिवशी नव्याने आलेल्या मदतनीसाने मी आंघोळीला गेलो असताना गोळी आधीच दिली. तपासणी पुढे ढकलावी लागली आणि पुण्याच्या डॉक्टरांची भेटही लांबली. चूक त्या मदतनीसाची कमी आणि व्यवस्थेची जास्त होती, कारण त्याला आदल्या दिवशी कुणी काही सांगितलेच नव्हते. मी कार्यालयात जाऊन बोललो. त्यांनी कारणे न देता ऐकून घेतले, तपासणीच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहायला सुरुवात केली आणि आमच्याकडे एकच ताई कायम केल्या. सांभाळणाऱ्याला विसावा मिळायचा तर येणारे माणूस ओळखीचे हवे. रोज नव्या माणसाला सगळे पहिल्यापासून शिकवायचे असेल तर ते चार तास घराबाहेर न पडता त्याच्यामागे फिरण्यातच जातात.

मनाच्या आधाराची सोय या सेवेत नाही, आणि ही उणीव मला जाणवली. पत्नी अवयव देऊन मोकळी झाली असे सगळ्यांनी धरले होते, पण ‘माझे मूत्रपिंड त्याला टिकेल ना’ या काळजीने ती रात्र रात्र जागत असे. तिने शेवटी 14416 या टेली मानस नावाच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर फोन केला. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. असा फोन सांभाळणाऱ्यानेही करायचा असतो, एवढे जरी घरपोच सेवेच्या वहीत उजव्या पानावर छापले तरी अनेक घरांना उपयोग होईल. मी तशी सूचना लिहून दिली आहे.

आता ताई आठवड्यातून तीनच दिवस येतात. सेवा घेणाऱ्यांनी ‘माणूस बदलणार असेल तर आदल्या दिवशी कळवू’ हे वाक्य करारात लिहून घ्यावे. आगाऊ भरलेल्या महिन्यातले न वापरलेले दिवस ते पुढच्या महिन्यात धरतात, पण ही सवलत तोंडी आहे. तीही पावतीवर लिहून मागावी, मागितल्यावर ते देतात.