आठ महिन्यांनी एफटी स्पेक्ट्रोमीटर: 980चा लेझर 1786ला कसा गेला?

एफटी (फूरिए ट्रान्सफॉर्म) स्पेक्ट्रोमीटर म्हणजे प्रकाश दोन वाटांनी विभागून, एका वाटेवरचा आरसा सरकवत त्यातल्या तरंगलांब्या मोजणारं यंत्र. यंत्र चांगलं आहे. पण त्याचं सॉफ्टवेअर ज्याने लिहिलंय त्याला समोर बसवून 980 नॅनोमीटरचा लेझर मोजायला लावला पाहिजे.

लॅबमध्ये नवा 980चा पंप डायोड (दुसऱ्या लेझरला प्रकाशाने ऊर्जा देणारा लेझर) आला. स्पेक्ट्रम काढला, तर 980ला सपाट आणि 1786ला ताडासारखी उभी रेघ. आधी डायोडवाल्याशी भांडलो. मग कंपनीचा इंजिनिअर बोलावला. एएमसी (वार्षिक देखभाल करार) नुकतीच संपलेली, त्यामुळे व्हिजिट चार्ज वेगळा. अर्ध्या तासात निदान: डिटेक्टर गेलाय, बदला. कोटेशन बघून सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत बघितलं.

रात्री कागद घेऊन बसलो. आरसा किती सरकला, हे यंत्र आतल्या हीलियम-निऑन लेझरच्या 632.8 नॅनोमीटरच्या उजेड-अंधाराच्या पट्ट्या मोजून ठरवतं. पट्टीमागे सिग्नलचा एकच नमुना घेतला, तर 7901 प्रति सेंमीच्या वरची तरंगसंख्या (एका सेंमीत बसणाऱ्या लहरी) घडी पडून खाली उमटते. 980 नॅनोमीटर म्हणजे 10204. हीलियम-निऑनच्या 15803मधून 10204 वजा, उरले 5599. म्हणजे बरोबर 1786 नॅनोमीटर!

मेनूच्या तळाशी, कुणी बघणार नाही अशा जागी, पट्टीमागे दोन नमुन्यांची सोय निघाली. ती लावली, रेघ जागेवर. डिटेक्टर ठणठणीत. आपोआप लागणारं सेटिंग एकच नमुन्याचं का, आणि साधी सूचनाही का नाही?

एकच तारा द्यायचा, असं ठरवलं होतं. पण मग 1550चा फॅब्री-पेरो डायोड (चिपच्या दोन टोकांमध्ये प्रकाश फिरवणारा लेझर) लावला, करंट थ्रेशोल्डच्या, म्हणजे लेझर सुरू होण्याच्या मर्यादेच्या, जरा खाली ठेवला आणि स्पेक्ट्रमऐवजी कच्चा इंटरफेरोग्राम, म्हणजे आरसा सरकताना डिटेक्टरने नोंदलेला सिग्नल, उघडला. मधल्या मोठ्या उसळीपासून 2.2 मिलिमीटर पथफरकावर (दोन वाटांच्या लांबीतल्या फरकावर) एक छोटी उसळी, 4.4वर आणखी छोटी. चिपमध्ये फेऱ्या मारून आलेल्या प्रकाशाचा तो प्रतिध्वनी. ग्रुप इंडेक्स (चिपमध्ये प्रकाश किती पट हळू चालतो तो आकडा) 3.7 धरला, जाऊन-येऊन म्हणून दुप्पट, 2.2ला 7.4ने भागलं, चिप 0.3 मिलिमीटर. डेटाशीटवर 300 मायक्रॉन! उसळ्यांच्या उतरत्या उंचीवरून एका फेरीत प्रकाश किती उरतो, तेही काढता येतं. तीन तारे.

दुसऱ्या एका नगाला 0.9 आणि 1.3वर आगंतुक उसळ्या होत्या. 0.9लाही 7.4ने भागलं, म्हणजे एका टोकापासून 0.12 मिलिमीटरवर काहीतरी आहे. मायक्रोस्कोपखाली धरला, तर तिथेच ओरखडा. डायोडवाल्याला फोटो पाठवला. मागच्या भांडणाची माफीही मागितली. नग बदलून मिळाला.

व्हिजिट चार्ज परत द्या, असा चौथा मेल आज टाकलाय.