योस्ट एसईओ आणि मराठी पोस्टची शीर्षकं: बरेच महिने वापरल्यानंतर

वर्डप्रेसवरच्या मराठी ब्लॉगसाठी योस्ट एसईओ या प्लगइनची (पोस्ट शोधनिकालात नीट दिसावी म्हणून वर्डप्रेसला जोडायच्या साधनाची) फुकट आवृत्ती बरेच महिने वापरल्यानंतरचं हे मत आहे, आणि तेही एकाच कामापुरतं: पोस्टचं शीर्षक गूगलच्या निकालात कसं दिसतं. सुरुवातीलाच सांगतो, प्लगइन फक्त शीर्षक पुढे करतं, दाखवायचं काय ते गूगल ठरवतं. शीर्षकावर पूर्ण ताबा मिळेल असं कुणी सांगत असेल तर तो भाग सोडून द्यायचा. तरीही प्लगइन ठेवण्यासारखं आहे, फक्त त्याचा उपयोग वेगळ्या जागी आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने शीर्षकं ठरवायची पद्धत बदलली. त्याआधी एकाच पानाचं शीर्षक शोधलेल्या शब्दांप्रमाणे बदलू शकायचं. आता साधारणपणे पानाला एकच शीर्षक मिळतं, शोध कुठलाही असो. पुढच्याच महिन्यात गूगलने सांगितलं की शंभरातल्या सुमारे ८७ वेळा टायटल टॅगमधलाच, म्हणजे पानाच्या कोडमध्ये शीर्षक म्हणून लिहिलेलाच, मजकूर घेतला जातो. उरलेल्या वेळी पानावरचं मुख्य शीर्षक म्हणजे एच-वन, ठळक मोठा मजकूर, सोशल मीडियासाठीचं ओजी टायटल किंवा त्या पानाकडे येणाऱ्या लिंकचे शब्द, यातलं काहीतरी उचललं जातं. हे थांबवणारा कुठलाही टॅग नाही. पूर्वी निदान डीमॉझ या वेबसाइटांच्या यादीतलं शीर्षक नको म्हणायला एक टॅग होता, पण २०१७ मध्ये डीमॉझच बंद पडलं.

म्हणजे आपल्या हातात उरतं ते एवढंच की गूगलला शीर्षक बदलावंसं वाटेल असं कारण द्यायचं नाही. मराठी ब्लॉगवर ती कारणं ठरलेली असतात.

सगळ्यात मोठं कारण लिपी. वाचक रोमनमध्ये शोधतात म्हणून टायटल टॅगमध्ये ‘रेसिपी इन मराठी’ रोमन अक्षरांत ठोकून द्यायची आणि खाली सगळी पोस्ट देवनागरीत, ही सवय सर्रास दिसते. जून २०२२ मध्ये गूगलने नेमक्या याच प्रकारासाठी सुधारणा आणली: शीर्षक एका भाषेत किंवा लिपीत आणि मजकूर दुसऱ्या लिपीत असेल, तर मजकुराशी जुळणारं शीर्षक पानातूनच शोधून दाखवायचं. तेव्हा दिलेली उदाहरणं हिंदीची होती, पण आपल्याकडचा प्रकार तोच. योस्टच्या एसईओ टायटलमध्ये, म्हणजे टायटल टॅगचा मजकूर लिहायच्या खान्यात, देवनागरीच ठेवा. रोमन रूप स्लगमध्ये, म्हणजे पोस्टच्या वेब-पत्त्याच्या शेवटच्या भागात टाका आणि गरज वाटली तर पोस्टच्या पहिल्या परिच्छेदात एकदा येऊ द्या. साइटची भाषा वर्डप्रेसमध्ये मराठी निवडली म्हणजे काम झालं असंही नाही. गूगल पानाची भाषा दिसणाऱ्या मजकुरावरून ओळखतं, कोडमधल्या भाषेच्या खुणेवरून नाही.

आता मूळ सेटिंग. योस्टमध्ये सेटिंग्ज, मग कंटेंट टाइप्स, मग पोस्ट्स इथे शीर्षकाचा साचा असतो: टायटल, पेज, सेपरेटर, साइट टायटल असे चार तुकडे. यातले शेवटचे दोन पोस्टसाठी काढून टाकावेत हे माझं ठाम मत. २०२२ पासून गूगल निकालात साइटचं नाव शीर्षकाच्या वर वेगळं दाखवू लागलं आहे, त्यामुळे लांबलचक ब्लॉगनाव पुन्हा शेपटीला लावून जागा वाया जाते. मुख्यपानावर मात्र नाव हवंच, कारण साइटचं नाव ठरवताना गूगल मुख्यपान वाचतं. कॅटेगरीचा साचाही एकदा उघडून बघा. प्लगइन बसवताना साइट इंग्रजीत असेल तर तिथे ‘आर्काइव्ह्ज’ हा शब्द चिकटलेला असतो.

एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. एखाद्या पोस्टच्या एसईओ टायटलमधले तुकडे खोडून हाताने मजकूर लिहिला की ती पोस्ट साच्यातून सुटते. पुढे साचा बदलला तरी तिथे जुनंच शीर्षक राहतं. टूल्समधल्या बल्क एडिटरमध्ये हाताने लिहिलेली सगळी शीर्षकं एका तक्त्यात दिसतात आणि तिथेच बदलता येतात. सोय चांगली आहे, पण शीर्षक किती रुंद झालं ते दाखवणारी पट्टी तिथे नाही. मोठा बदल करण्याआधी बॅकअपही घ्या.

रुंदीबद्दल जरा सविस्तर. ‘साठ अक्षरं’ हा नियम इंग्रजीचा, आणि गूगलने अक्षरांची मर्यादा अशी कधी घातलेलीच नाही. डेस्कटॉपवर साधारण ६०० पिक्सेलनंतर शीर्षक कापलं जातं, मोबाइलवर ते दुसऱ्या ओळीत उतरतं. योस्टची पट्टी पिक्सेल मोजते, हे मराठीसाठी फारच बरं. अक्षरं मोजणारी साधनं आपल्याला फसवतात, कारण ती काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगवेगळे धरतात. ‘महाराष्ट्र’ आपल्याला चार अक्षरं, संगणकाला दहा. ‘उकडीचे मोदक: पारी न फुटण्यासाठी उकड कशी काढावी’ हे शीर्षक मोजणीत ४६ भरतं, अक्षरं फक्त २३. त्यामुळे मोजणी ६५-७० दाखवते म्हणून चांगलं शीर्षक छाटू नका, पट्टी बघा. पट्टीतही थोडी तफावत राहते, कारण ब्राउझर ज्या देवनागरी फॉन्टमध्ये दाखवतो त्यावर रुंदी ठरते आणि विंडोज, मॅक, अँड्रॉइडचे फॉन्ट वेगळे. कडेला टेकेपर्यंत लिहू नका, नेमका विषय पहिल्या चार-पाच शब्दांत आणा.

हेच शीर्षक स्लगमध्ये काय होतं ते बघण्यासारखं आहे. वर्डप्रेस स्लगला २०० चिन्हांपर्यंतच जागा देतं आणि देवनागरीची प्रत्येक खूण तिथे नऊ चिन्हं खाते. म्हणजे जेमतेम बावीस खुणा. वरच्या शीर्षकाचा आपोआप तयार झालेला स्लग ‘उकडीचे-मोदक-पारी-न-फुटण्य’ इथे तुटतो. पोस्ट प्रसिद्ध करण्याआधीच रोमन स्लग लिहा. नंतर बदलायचा तर जुन्या पत्त्यावरून रीडायरेक्ट नीट चालतोय का तेही बघावं लागतं.

योस्ट पोस्टला गुण म्हणून जो हिरवा दिवा दाखवतं, त्याच्या मागे लागू नका. फोकस कीफ्रेज, म्हणजे पोस्ट ज्या शब्दांसाठी सापडावी ते शब्द, ‘मोदक’ दिली आणि शीर्षकात ‘मोदकांची’ आलं, तर ते जुळत नाही, कारण मराठीची विभक्तीरूपं योस्टला कळत नाहीत. दिवा हिरवा व्हावा म्हणून ‘मोदक रेसिपी मोदक कसे करावे’ असं लिहिणं हा वाचकाचा छळ आहे. दुसरी गंमत ‘दुसऱ्या’, ‘पुऱ्या’ यांसारख्या शब्दांची. काही कीबोर्ड त्यातला ऱ्य वेगळ्या ऱ-ने बनवतात, काही साध्या र-ला न दिसणारा जोडक लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण प्लगइनला वेगळे. एखाद्या साधनाने तो जोडक गाळला तर शीर्षकात ‘दुसर्या’ असा रफार उगवतो. कीफ्रेज नव्याने टाइप करण्यापेक्षा शीर्षकातूनच कॉपी करा.

सालाचं प्रकरण वेगळंच. योस्टमध्ये चालू वर्षाचा तुकडा टाकता येतो आणि दहावी-बारावीच्या वेळापत्रकासारख्या पोस्टला तो मोहक वाटतो. पण तो एसईओ टायटलमध्येच चालतो, पोस्टच्या शीर्षकात नाही. १ जानेवारीला टायटल टॅग नवं साल दाखवतो, एच-वन आणि मजकूर जुन्यातच. शीर्षक आणि पान जुळत नाही हे गूगलला लगेच दिसतं, आणि आत येऊन जुनं वेळापत्रक बघणारा वाचक परत येत नाही. साल हाताने बदला, तेही मजकूर बदलल्यावरच.

बदल केल्यावर निकालात काहीच दिसत नसेल तर आधी पानाचा सोर्स उघडा, म्हणजे कंट्रोल आणि यू, आणि टायटल टॅग किती आहेत ते मोजा. दोन सापडले तर बहुधा जुन्या थीमच्या हेडर फाइलमध्ये एक हाताने लिहिलेला असतो, नाहीतर दुसरं एसईओ प्लगइनही चालू राहिलेलं असतं. एकच आहे पण जुना, तर कॅशे, म्हणजे साइटने साठवून ठेवलेली पानांची जुनी प्रत, रिकामा करा. टॅग बरोबर असेल तर सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात यूआरएल इन्स्पेक्शन करून गूगलने शेवटचं पान कधी वाचलं आणि त्यात कुठलं शीर्षक होतं ते पाहा, मग रिक्वेस्ट इंडेक्सिंग दाबा. यानंतर काही दिवस ते काही आठवडे थांबावं लागतं. त्या काळात रोज शीर्षक बदलत बसलात तर कुठल्या शीर्षकाने क्लिक वाढले हे सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालातून कधीच कळणार नाही.

नवं शीर्षक वाचलं जाऊनही गूगल दुसरंच दाखवत असेल, तर एसईओ टायटल सोडा आणि एच-वन बघा. बहुतेक वेळा पोस्टचं शीर्षक आणि एसईओ टायटल दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतात. दोन्ही जवळपास सारखी केली की प्रश्न सुटतो, आणि त्यासाठी योस्टच्या पैशाच्या आवृत्तीची गरज पडत नाही.