भाड्याचं तारुण्य? इगी पॉपचा 'एव्हरी लूझर', नऊ महिने ऐकल्यावर

पहिली सूचना आधीच देऊन टाकते. घरात वडीलधारी मंडळी किंवा लहान मुलं असतील तर हा अल्बम पहिल्यांदा स्पीकरवर लावू नका. 'फ्रेन्झी' हे पहिलंच गाणं, आणि त्यात इगी पॉप हा अमेरिकी रॉक गायक तोंड उघडतो तेच शिवराळपणे. मला कल्पना नव्हती. बाबा शेजारच्या खोलीत शब्दकोडं सोडवत बसले होते. मी आवाज कमी करायला धावले, तोवर त्यांच्या कानावर जे पडायचं ते पडून गेलं होतं. ते काही बोलले नाहीत. त्यांचं मत मला सहा महिन्यांनी कळलं, ते पुढे सांगते.

'एव्हरी लूझर' आला ६ जानेवारी २०२३ला. इगीचा जन्म २१ एप्रिल १९४७चा, म्हणजे तेव्हा त्याचं वय ७५. अकरा तुकडे आहेत, त्यातले दोन नुसते बोललेले आणि अगदी छोटे. सगळं मिळून जेमतेम ३७ मिनिटं. निर्माता अँड्र्यू वॉट हा १९९०चा जन्म असलेला पोरगा. ओझी ऑस्बोर्नचे २०२० आणि २०२२चे अल्बम त्याचेच, आणि इगीनंतर त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेला रोलिंग स्टोन्सचा 'हॅकनी डायमंड्स'ही त्याचाच. सत्तरी-ऐंशीतल्या गायकांना पुन्हा मैदानात उतरवणं हा या मुलाचा जणू धंदाच झालाय. साथीला त्याने जमवलेली माणसंही बड्या रॉक बँडांतली. गन्स एन' रोझेसचा डफ मकॅगन बासवर, रेड हॉट चिली पेपर्सचा चॅड स्मिथ ड्रम्सवर, एका गाण्यात ब्लिंक-१८२चा ट्रॅव्हिस बार्कर, दोन गाण्यांत फू फायटर्सचा टेलर हॉकिन्स.

ही यादी वाचूनच मी नाक मुरडलं होतं. त्याआधीचा इगीचा 'फ्री' (२०१९) मला फार आवडलेला. त्यात मंद ट्रम्पेट, भरपूर रिकामी जागा आणि डिलन थॉमसची कविता वाचणारा तो खर्जातला आवाज. ७२ वर्षांचा माणूस आता असाच निवांत होत जाणार, अशी मी मनाची तयारी करून बसले होते, आणि हा बाबा तीन-साडेतीन वर्षांनी पुन्हा शर्ट काढून उभा! (शर्ट तसाही तो फारसा घालत नाही म्हणा.)

माझा एक कॉलेजपासूनचा मित्र आहे, स्टूजेसचा, म्हणजे इगीच्या जुन्या बँडचा, कट्टर भक्त. त्या बँडचे पहिले तीन अल्बम आले त्या १९६९, १९७० आणि १९७३ या तीन सालांपलीकडे इगीने काही गायलंय हेच त्याला मनापासून मान्य नाही. त्याला अल्बम पाठवला, तर रात्री फोन आला. "अगं, हे भाड्याचं तारुण्य आहे. ढोल दुसऱ्याचे, ताशे दुसऱ्याचे, म्हातारा नुसता मिरवणुकीत नाचतोय." मला वाक्य इतकं आवडलं की पहिले दोन महिने मी तेच सगळ्यांना ऐकवत सुटले.

आणि वरवर ऐकलं तर ते पटतंही. 'फ्रेन्झी'त गिटार आणि ड्रम्स अशा काही अंगावर येतात की त्या गदारोळात गायक पंचाहत्तरीचा असो की पंचविशीचा, काय फरक पडतो असं वाटतं. सगळं चकचकीत, घासून-पुसून लखलखीत. स्टूजेसच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत जी धूळ होती, खोलीत चार पोरं कोंडलीयत असं जे वाटायचं, ते इथे नाही. त्यात आवाजाची पातळी इतकी वर नेऊन ठेवलीय की स्वस्तातले, कानात घुसणारे इयरफोन घालून मी पहिल्या आठवड्यात सलग तीनदा ऐकला आणि डोकं धरून बसले. हा उपद्रव खरा आहे, अजूनही आहे. गाण्यांचे आवाज एका पातळीवर आणण्याची जी सोय अॅपमध्ये असते ती चालू ठेवा, आणि शक्य असेल तर मोठ्या स्पीकरवर मध्यम आवाजात ऐका. तिथे बास मोकळा होतो आणि झांजांची धार बोथट होते. मंद आवाजात पार्श्वसंगीत म्हणून मात्र हा अल्बम अजिबात चालत नाही. शेजारच्या घरात कोणीतरी भांडतंय असं वाटत राहतं.

पण गोंगाटाचं सगळं पाप वॉटच्या माथी मारायला मी निघाले, तेव्हा एक गोष्ट आठवली. स्टूजेसच्या १९७३च्या 'रॉ पॉवर'चं मिक्सिंग, म्हणजे गाणं आणि वाद्यांचे आवाज जुळवण्याचं काम, गायक डेव्हिड बोवीने केलं होतं आणि ते पिचपिचीत झालंय अशी लोकांची कित्येक वर्षं कुरकुर होती. १९९७मध्ये इगीने स्वतः बसून ते नव्याने केलं, आणि आवाजाचा काटा असा लालमध्ये नेऊन ठेवला की सर्वांत कर्कश सीडी कोणती या वादात आजही तिचं नाव पहिल्या काहींत निघतं. तेव्हा पन्नाशीतल्या इगीला कोणा तरुण निर्मात्याने फूस लावली नव्हती. त्याला ते तसंच हवं होतं. मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "ते वेगळं." कसं वेगळं, ते अजून सांगायचंय त्याने.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझा भाचा सुट्टीला आला. वय १७, ड्रम्स शिकतोय, इगी पॉप कोण याचा पत्ता नाही. मी मुद्दाम काही न सांगता अल्बम लावला. त्याला गायकात रस नव्हता, त्याचे हात मांडीवर चालू होते. शेवटी म्हणाला, "मावशी, हा माणूस ड्रम्सच्या फटी शोधतो बघ. गिटारवर गातच नाही. स्नेअर, तो कडकडणारा ड्रम, पडला की त्याच्या मागून शब्द टाकतो." मी थक्क झाले, कारण या मुलाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं की इगी मुळात ड्रमवालाच. शाळेच्या काळात 'इग्वानाज' नावाच्या बँडमध्ये तो ड्रम्स वाजवायचा आणि 'इगी' हे नावही तिथूनच चिकटलं. खरं नाव जेम्स ऑस्टरबर्ग. त्यानंतर मी अख्खा अल्बम फक्त ड्रम्स आणि आवाज एवढंच धरून ऐकला. 'मॉडर्न डे रिपऑफ'मध्ये हे सर्वांत स्पष्ट आहे. पियानोचा एकच सूर ठोकत राहणारं, स्टूजेसच्या थाटाचं गाणं, त्यात जुने शौक आता झेपत नाहीत अशी तक्रार, आणि प्रत्येक ओळ ठोक्याच्या किंचित मागे. ही सवय भाड्याने मिळत नाही.

मग बाबा. सहाव्या महिन्यात एका संध्याकाळी 'मॉर्निंग शो' चालू होतं. हे अल्बममधलं संथ गाणं, गिटार हळुवार, आवाज खर्जात. थकलेल्या माणसाने चेहरा नीट करून पुन्हा लोकांसमोर जायचं, असा त्याचा आशय. माझ्या मते अल्बममधलं सर्वांत चांगलं. बाबा ७६ वर्षांचे, या संगीताशी त्यांचा काडीचा संबंध नाही. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "हा तोच ना, त्या दिवशी शिव्या देणारा?" म्हटलं हो. "वय काय?" सांगितलं. मग म्हणाले, "हुशार आहे. ओरडताना चार शब्दांवर दम घेतो. इथे सावकाश म्हणायचं तर आवाज खाली नेलाय, म्हणजे वारा कमी लागतो. जिने चढताना मी हेच करतो."

त्या दिवसापासून मला हा अल्बम वेगळाच ऐकू यायला लागला. पडताळा घेण्यासाठी स्टूजेसचा १९७०चा 'फन हाउस' काढला. तिथे २३ वर्षांचा इगी लांबच्या लांब किंकाळ्या मारतो. श्वास संपला तरी मारतो, मग खोकतो, पुन्हा मारतो. 'एव्हरी लूझर'मध्ये तशी लांब किंकाळी सापडते का म्हणून मी मुद्दाम धुंडाळलं. जवळजवळ नाहीच. इथे सगळा आवेश तोकड्या वाक्यांत आहे. भुंकल्यासारखे दोन-तीन शब्द टाकायचे, तेवढ्यात गिटारने जागा भरायची, पुढच्या दोन शब्दांसाठी दम तयार. अंतरा लांबला की आवाज खाली उतरतो आणि १९७७ साली बोवीसोबत केलेल्या 'द इडियट'मध्ये पहिल्यांदा नीट भेटलेला तो खर्ज कामाला येतो. 'स्ट्रंग आउट जॉनी' जवळपास पूर्ण याच खर्जावर उभं आहे. म्हणजे अल्बमभर जी पोरसवदा धांदल ऐकू येते, ती एका म्हाताऱ्याने फार हिशेबाने मांडलेली आहे. मित्राला जी फसवणूक वाटते ती मला कारागिरी वाटते. विशीतल्या गायकाला हे जमणार नाही, कारण त्याला त्याची गरजच नाही.

भाड्याच्या मुद्द्यावरही मला मित्राला एक विचारायचं होतं आणि शेवटी विचारलं. माणसं दुसरी आणली म्हणतोस, मग आणायची कुठून? स्टूजेसच्या पहिल्या संचातले चार. डेव्ह अलेक्झांडर १९७५मध्ये गेला, रॉन अॅशटन २००९मध्ये, त्याचा भाऊ स्कॉट २०१४मध्ये. उरला इगी. यावर तो बराच वेळ गप्प होता.

तरी त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. 'ऑल द वे डाउन' मला नऊ महिन्यांतही पकडता आलेलं नाही. गिटार जोरकस आहे, पण गायक कोणीही असता तरी ते असंच वाजलं असतं. 'निओ पंक'चंही तसंच. आजच्या श्रीमंत, गाता न येणाऱ्या पंक ताऱ्यांची त्यात टिंगल आहे, आणि ड्रम्सवर कोण, तर स्वतःच पंक तारा असलेला बार्कर! पहिल्या चार वेळा हसले, नंतर विनोद शिळा झाला. ऑनलाइन शेरेबाजीवरचं 'कॉमेंट्स' मात्र उलट दिशेने गेलं. सुरुवातीला हे तर सगळेच बोलतात म्हणून मी पुढे ढकलायचे. आता धृपद आलं की हातातलं काम थांबतं. 'न्यू अटलांटिस' हे मायामीवरचं. इगी वीसहून जास्त वर्षं तिथे राहतोय आणि ते शहर समुद्राच्या चढत्या पाण्याला तोंड देत उभं आहे. एखादी उतारवयातली, बेछूट प्रेयसी असावी तसं तो त्या शहराबद्दल गातो. बुडणार हे माहीत आहे, घर बदलायचा विचार दिसत नाही.

ते दोन बोललेले तुकडे बहुतेक जण गाळतात. मीही गाळायचे. पण सलग ऐकताना त्यांचा उपयोग कळला, गायकाला आणि आपल्यालाही तिथे बसायला मिळतं. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मधला जिन्याचा टप्पा."

शेवटचं 'द रीजन्सी' हे अल्बममधलं सर्वांत लांब गाणं. सावकाश सुरू होतं आणि मग जे उसळतं ते थांबत नाही. त्यावर आणि 'कॉमेंट्स'वर ड्रम्स टेलर हॉकिन्सचे आहेत. हॉकिन्स मार्च २०२२मध्ये गेला, वयाच्या ५०व्या वर्षी, अल्बम यायच्या नऊ-दहा महिने आधी. हे मला सुरुवातीला माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर त्या उसळीकडे दुर्लक्ष करता येत नाही. ७५ वर्षांचा गायक पुढे, त्याला मागून ढकलणारा २५ वर्षांनी लहान, आणि आज ऐकताना जो नाही तो धाकटा. भाच्याला हे फोनवर सांगितलं. त्याला आधीच ठाऊक होतं. तो हाच भाग बसवतोय म्हणाला, उसळी सुरू होते तिथे अजून हात अडकतात.

घ्यावा की नाही असं कोणी विचारलं तर, स्टूजेस पाठ असतील आणि त्यांच्यासारखंच काहीतरी हवं असेल, तर निराश व्हाल. इगी अजिबात ऐकला नसेल तर इथून सुरू करायला हरकत नाही, फक्त पाठोपाठ 'फन हाउस' ऐका. 'फ्री' आवडला असेल तर मात्र घाई करू नका. मला वळायला सहा महिने लागले, तेही दुसऱ्यांचे कान उसने घेऊन. सलग सगळा अल्बम आता आठवड्यातून एकदा होतो, बहुधा भांडी आवरताना, ३७ मिनिटांत दोन्ही कामं आटोपतात. रोजच्या यादीत राहिलीत ती चारच गाणी: 'स्ट्रंग आउट जॉनी', 'न्यू अटलांटिस', 'मॉर्निंग शो', 'द रीजन्सी'.

मित्राचं मत बदललेलं नाही. 'मॉर्निंग शो' त्याने डाउनलोड करून ठेवलंय, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. बाबा अधूनमधून "तो दमवाला लाव" म्हणतात. मी दुसऱ्या गाण्यापासून लावते.