पशु औषधी योजना: स्वस्त औषध घेताना हिशोब मिलिग्रॅमचा

5 मार्च 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पशु आरोग्य कार्यक्रमात ‘पशु औषधी’ हा जनावरांच्या स्वस्त जेनेरिक औषधांचा (ब्रँडऐवजी घटकाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या) भाग घातला. त्यासाठी 75 कोटी रुपये, विक्री पीएम किसान समृद्धी केंद्रे आणि सहकारी संस्थांमार्फत. विचार उत्तम, पण 3,880 कोटींच्या कार्यक्रमात हा वाटा चिमूटभरच!

जेनेरिक घेताना बाटलीची किंमत बघून फसू नका. मेलोक्सिकॅम या वेदना-सूज कमी करणाऱ्या औषधाचंच घ्या. गायीला मात्रा किलोमागे 0.5 मिलिग्रॅम, म्हणजे 400 किलोच्या गायीला 200 मिलिग्रॅम. मिलिलिटरला 5 मिलिग्रॅमचं इंजेक्शन असेल तर 40 मिलि लागेल, 20 मिलिग्रॅमचं असेल तर फक्त 10. कमी ताकदीच्या औषधाची स्वस्त बाटली लवकर संपते. शिवाय ताकद न बघता जुन्या सवयीने 10 मिलि टोचलं की गुण येत नाही आणि बोल जेनेरिकला लागतो.

लेबलवर दूध वर्ज्य ठेवण्याचा काळ वाचा. औषधासाठी ठरवलेला काळ नसेल तर नियमाप्रमाणे दुधाला किमान 7 आणि मांसाला 28 दिवस धरायचे. दूध संकलनाला घालताना हे विसरलं जातं.

डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक कुणी स्वस्तात देऊ केलं तरी नकोच. ते दिलेल्या मेलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडं मरतात, म्हणून जनावरांसाठी ते 2006 पासून बंद आहे.

प्रतिजैविकं मात्र पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय मागू नयेत. अडचण तिथेच आहे: चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असलं की समृद्धी केंद्रातलं जेनेरिक पडून राहतं. डॉक्टरांना घटकाचं नाव आणि ताकद लिहायला सांगा.