पारा किती उतरला ते दाखवलं, किती तास टिकला ते लपवलं

निफाडचा पारा 4-5 अंशांवर आला की दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक बातमी असते. पीचची कलमं विकायला आलेल्या एजंटाच्या मोबाइलमध्ये अशा बातम्यांची कात्रणं वर्षावार लावलेली होती. "आबा, हिमाचलची थंडी तुमच्या शिवारात आहे, पीचला अजून काय पाहिजे?" वडिलांनी नुकतीच जुनी द्राक्षबाग काढली होती, ठिबक तयारच होतं. तीनशे कलमं ठरली, नग 280 रुपये, निम्मे पैसे आगाऊ. जात कमी थंडीत फुलणारी, ‘फ्लोरडाप्रिन्स’. रोपांना अडकवलेल्या प्लॅस्टिकच्या चिठ्ठ्यांवर तसंच छापलेलं होतं. बिलावर मात्र नुसतं ‘पीच रोपे’.

झाडं आता डोक्याच्या वर गेलीत आणि फळाचं नाव नाही. पीचला फूल येतं ते मागच्या हंगामातल्या काडीवर. आमच्या झाडांच्या त्या काड्या फेब्रुवारीतही उघड्याच, शेंड्याला तेवढा पानांचा झुपका. कळ्या आतून तपकिरी पडलेल्या, बोट लावलं की गळतात. एखाददुसरं फूल मार्चच्या उन्हात उमलतं, दोन दिवसांत करपून जातं. एकाच ओळीत एक झाड पालवलेलं, तर शेजारचं वाळल्यासारखं.

असं का होतं, ते त्या कात्रणांत नव्हतं. पीचची कळी हिवाळ्यात झोपते आणि ठरावीक थंडी मिळाल्याशिवाय जागी होत नाही. ही थंडी तासांत मोजतात. जुना ढोबळ हिशेब असा, की पारा साधारण 7 अंशांच्या खाली असलेले तास धरायचे. फ्लोरडाप्रिन्सला असे दीडशेच्या आसपास तास पुरतात, म्हणून ती पंजाबच्या मैदानात जानेवारीअखेर-फेब्रुवारीत फुलते आणि एप्रिलमध्ये तोडणीला येते. हिमाचलच्या डोंगरात चालणाऱ्या एल्बर्टा गटातल्या जातींना सातशे-आठशे तास लागतात. आमच्याकडे 4 अंश म्हणजे पहाटेचे काही तास, आणि तेही मोजक्या रात्री. दुपारी पारा 27-28 वर. अशी ऊबदार दुपार रात्रीच्या थंडीचा काही भाग पुसूनही टाकते. बातमी सगळ्यात थंड क्षणाची असते, झाडाला सगळ्या हिवाळ्याची बेरीज लागते. अमेरिकेतलं जॉर्जिया हे पीचसाठीच ओळखलं जाणारं राज्य, पण 2017 मध्ये हिवाळा ऊबदार गेला आणि तिथलंही बहुतेक पीक हातचं गेलं.

विचारलं तर एजंट म्हणाला, "भाऊ, द्राक्षाला लावता तसं हायड्रोजन सायनामाइड मारा, डोळे फुटतील." झोपलेले डोळे, म्हणजे कळ्या, जागे करणारं हे रसायन. द्राक्षाच्या पट्ट्यात हे चटकन पटतं, कारण ऑक्टोबर छाटणीनंतर आपण ते लावतोच. पण बरीचशी थंडी मिळालेली असेल तर ते उरलेली थोडी तूट भरून काढतं. शेकडो तासांचा खड्डा त्यानं बुजत नाही, उलट वेळ आणि मात्रा चुकली तर फुलाचे डोळे जळतात.

मग तण काढताना एका खोडाशी, कलमाच्या जोडावर, सालीत रुतलेली तार दिसली. तारेला पत्र्याचा बिल्ला, त्यावर खिळ्यानं कोरल्यासारखी अक्षरं: ‘जुलाई एल्बर्टा’. शोधल्यावर आणखी काही झाडांवर तसेच बिल्ले निघाले. डोंगरातली शिल्लक कलमं खाली आणून वर नवी चिठ्ठी अडकवली होती, इतकं साधं काम. फोटो पाठवले तेव्हा रोपवाटिकेचं उत्तर आलं: "तुमच्याकडे थंडी कमी पडली, त्याला आम्ही काय करणार?" कात्रणं दाखवणारी हीच माणसं!

या धंद्यात मुदत विकणाऱ्याच्या बाजूनं असते. फळ न येणं कळायला दोन-तीन वर्षं जातात आणि ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. म्हणून पहिल्या हिवाळ्यातच शंका आली तर तारखेसह फोटो काढा, लेखी तक्रार द्या, कृषी अधिकाऱ्यांकडून पंचनामा मागा. शेतकरी ग्राहक नाही, हा बचाव सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये बियाण्याच्या प्रकरणात फेटाळला आहे, आमचे वकील त्याचाच आधार घेताहेत. महाराष्ट्रात फळरोपवाटिकेला 1969 च्या कायद्यानुसार परवाना लागतो. तो क्रमांक, जातीचं नाव आणि खुंटाचं, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचं, नाव बिलावर लिहून घ्या. लिहायला कां-कूं केली तर आगाऊ देऊ नका. आणि "किती अंश" न विचारता "किती तास" विचारा. जवळच्या हवामान केंद्राच्या तासागणिक नोंदी मिळाल्या तर बेरीज घरी बसून होते.

आमची तक्रार दाखल आहे, बिल्ले पिशवीत घालून वकिलांकडे दिलेत. झाडं अजून काढली नाहीत, पाहणी व्हायची आहे. तो एजंट सध्या दिंडोरीकडे सफरचंदाची रोपं घेऊन फिरतोय असं ऐकतो. भेटला तर आधी बिल मागा.