बर्लिनचं ज्यूईश म्युझियम: बिल्डिंगसाठी जा आणि तळघर आधी बघा

बर्लिनला येणारे आपले लोक ब्रँडेनबर्ग गेट, वॉलचा उरलेला भाग, म्युझियम आयलंड एवढं उरकतात आणि पुढच्या गाडीने प्रागला पळतात. क्रॉइत्सबर्गमधलं ज्यूईश म्युझियम लिस्टमधे असलंच तर शेवटी, वेळ उरला तर. माझं म्हणणं, आयलंडवरचं एखादं म्युझियम कमी करा पण हे सोडू नका, आणि तेसुद्धा आत मांडलेल्या वस्तूंसाठी नाही, बिल्डिंगसाठी.

आर्किटेक्ट डॅनियल लिबेस्किंड. १९४६ चा जन्म, पोलंडमधला, आईवडील दोघंही होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडातून वाचलेले. लहानपणी अकॉर्डियन इतकं छान वाजवायचा की पुढे म्युझिकमधेच जाईल असं वाटत होतं, पण इस्रायल, मग न्यूयॉर्क, तिथे कूपर युनियन कॉलेजमधे आर्किटेक्चर आणि नंतर कितीतरी वर्षं नुसतं शिकवणं आणि ड्रॉइंग्ज. १९८९ ला या म्युझियमची कॉम्पिटिशन जिंकली तेव्हा चाळिशी ओलांडलेली आणि बांधून झालेली स्वतःची एकही बिल्डिंग नाही! बायको नीना आणि मुलांसकट तो बर्लिनलाच राहायला आला, त्याच वर्षी वॉल पडली, शहराची सगळी गणितं बदलली, प्रोजेक्ट गुंडाळायच्या गोष्टी झाल्या, तरी दोघं चिकटून राहिले. बिल्डिंग १९९९ ला तयार झाली आणि आत काहीही मांडलेलं नसताना लाखो लोक नुसती ती बघून गेले. प्रदर्शन उघडलं २००१ च्या सप्टेंबरमधे.

बाहेरून बघाल तर जस्ताच्या पत्र्याने मढवलेली, वीज कोसळल्यासारखी नागमोडी लांबलचक इमारत, आणि खिडक्या म्हणजे पत्र्यावर सुरीने ओढलेले वार. एका मजल्याची खिडकी कुठे संपते, दुसऱ्याची कुठे सुरू होते काही कळत नाही. दरवाजा शोधू नका, या नव्या बिल्डिंगला रस्त्यावरून दरवाजाच नाही. शेजारच्या १७३५ च्या जुन्या पिवळ्या बरोक इमारतीतून आत जायचं आणि तिथून जिन्याने खाली तळघरात उतरायचं. वरून दोन्ही वेगळ्या दिसतात, जोडलेल्या आहेत त्या जमिनीखाली, आणि जर्मन आणि ज्यू इतिहासाचं नातं हे असंच आहे हे कुठलीही पाटी न वाचता समजतं.

तळघरात तीन रस्ते एकमेकांना छेदतात आणि जमिनीला हलका चढ आहे. एक रस्ता देशोधडीला लागलेल्यांचा, एक होलोकॉस्टचा, एक पुढे चालू राहिलेल्या आयुष्याचा. देशोधडीच्या रस्त्यावर मला आपल्या मुंबईचा रूडी फॉन लायडन आठवला, बर्लिनमधेच जन्मलेला, १९३३ ला नाझी सत्तेवर आल्यावर मुंबईत आला आणि पुढे टाइम्समधे आर्टवर लिहून हुसेन, रझा, आरा या मंडळींच्या पाठीशी उभा राहिला. म्हणजे हा रस्ता आपल्या दारापर्यंतही आलेला आहे.

या रस्त्याच्या टोकाला बाहेर बाग आहे. काँक्रीटचे ४९ उंच चौकोनी खांब, सातात सात, त्यांच्या डोक्यावर झाडं, ४८ खांबांत बर्लिनची माती आणि मधल्या एकात जेरुसलेमची. जमीन दोन बाजूंनी कललेली आणि खांब त्या जमिनीला काटकोनात, त्यामुळे डोळे सांगतात सगळं सरळ आहे आणि पाय सांगतात नाहीये. आई सोबत होती, चार पावलं चालल्यावर तिने माझा दंड पकडला, म्हणाली "अगं धर मला, गरगरतंय." परक्या देशात पहिल्यांदा पाय ठेवल्यावर माणसाचं जे होतं ते लिबेस्किंडने नुसत्या उतारातून करून दाखवलंय.

दुसऱ्या रस्त्याच्या शेवटी होलोकॉस्ट टॉवर. जड दार मागे बंद होतं आणि तुम्ही २४ मीटर उंच, उघड्या काँक्रीटच्या अंधाऱ्या पोकळीत असता, हीटिंग नाही, वरच्या एका फटीतून येईल तेवढाच उजेड. बाहेरच्या जगाचे आवाज पुसट ऐकू येतात. इथे फोटो काढत बसू नका प्लीज, पाच मिनिटं गप्प उभे राहा.

आता ती लोखंडी चेहऱ्यांची जागा. बिल्डिंगमधून आरपार मुद्दाम रिकाम्या पोकळ्या सोडल्यात, ज्यांना मारलं त्यांची रिकामी राहिलेली जागा म्हणून, आणि त्यातल्या एकीत मेनाशे कादिश्मान या इस्रायली कलाकाराने दहा हजारांहून जास्त चेहरे जमिनीवर पसरलेत, जाड लोखंडातून कापलेले, तोंड उघडं. त्यावरून चालायचं अशी अपेक्षा आहे. चुकून कोणाला पाय लागला तर नमस्कार करणारी माणसं आपण, माझा पाय उचलेना. शेवटी कडेकडेने गेले, आणि प्रत्येक पावलाला जो खणखणाट होतो आणि त्या उंच भिंतींवर आपटून परत येतो ना, तो मी विसरू शकत नाही.

वरच्या मजल्यांवर २०२० ला नव्याने केलेलं मुख्य प्रदर्शन आहे, मेहनतीने केलंय, पण वस्तू आणि बिल्डिंग यांची तिथे ओढाताण होते. अवघड कोपरे, आडव्यातिडव्या खिडक्या, कुठल्या कपाटाकडे बघावं कळत नाही. पाचातला अर्धा स्टार मी तिथे कापते, तळघराला पूर्ण पाच.

लिबेस्किंडचं बाकीचं काम बघितलं की बर्लिनची किंमत जास्त कळते. इथे भिंती बहुतेक सरळ उभ्या आहेत, तिरके आहेत ते नकाशा आणि खिडक्या, आणि त्या प्रत्येक तिरकेपणाला कारण आहे. २००६ चं डेन्व्हरचं आर्ट म्युझियम आणि २००७ ची टोरोंटोच्या रॉयल ओंटारियो म्युझियमला जोडलेली क्रिस्टल नावाची इमारत घ्या, तिथे भिंतीच कलल्यात, चित्र टांगायचं कुठे हाच प्रश्न, आणि डायनासोर ठेवायला टोकदार स्फटिक का, याचं मला पटेल असं उत्तर मिळत नाही. एकदा गाजलेला कोन मग सहीसारखा सगळीकडे वापरला गेला असं माझं स्पष्ट मत. न्यूयॉर्कला ग्राउंड झीरोचा, म्हणजे ९/११ ला पडलेल्या ट्विन टॉवर्सच्या जागेचा मास्टर प्लॅन २००३ मधे त्याचा निवडला गेला, तिथला मुख्य टॉवर शेवटी दुसऱ्याने डिझाइन केला, पण १७७६ (अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं वर्ष) फूट उंचीची कल्पना त्याचीच टिकली.

ड्रेस्डेनचं मिलिटरी म्युझियम मात्र जमलंय, २०११ चं. एकोणिसाव्या शतकातलं जुनं शस्त्रागार आणि त्यात आरपार ठोकलेली काचेची आणि लोखंडाची पाचर, जिचं टोक १९४५ च्या फेब्रुवारीत ड्रेस्डेनवर झालेल्या बॉम्बिंगला जिथे सुरुवात झाली त्या दिशेला. लष्कराच्या म्युझियममधे अशी मोडतोड करायला परवानगी देणाऱ्यांचंही कौतुक.

जाताना: मुख्य प्रदर्शन फुकट आहे पण टाइम स्लॉट आधी ऑनलाइन घ्या, एअरपोर्टसारखं चेकिंग असतं. थंडीत जाकीट अंगावरच ठेवा, टॉवर आणि बाग दोन्हीकडे लागेल. चक्कर येणाऱ्यांनी बागेत एकटं जाऊ नये. तीन तास तरी काढा, आणि एक दिवस जास्त असेल तर ड्रेस्डेन ट्रेनने दोन तासांवर आहे, तेही करून टाका.