डॉक्टर एक नंबर, काउंटरचं मात्र बघा

पाचपैकी चार तारे. एक कापलाय तो काउंटरसाठी.

मी देवगडचा, वय 52, आंब्याची बाग आहे. मार्चमध्ये हापूसची तोड ऐन भरात असताना आंघोळ करताना उजव्या गोळीच्या, म्हणजे अंडाच्या, मागे वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून गप्प बसलो. पेट्या उचलून काहीतरी सरकलं असेल, सीझन संपला की बघू. मेअखेर ती करवंदाएवढी झाली. शेवटी मंडळीच म्हणाली, "रात्रभर मोबाइलवर काय वाचतास? आधी डॉक्टराक दाखवा."

नांदगाव तिठ्यावरून कणकवली गाठली. युरॉलॉजिस्टच्या, म्हणजे लघवीच्या नि पुरुषांच्या त्या भागाच्या डॉक्टरांच्या, दवाखान्यात पंधराएक माणसं, त्यात दोघं आमच्याच बाजूचे. काउंटरवरची मुलगी खणखणीत आवाजात, "काका, काय त्रास होता तुमका?" म्हटलं, डॉक्टरांनाच सांगतो. "पण मी केसपेपरवर काय लिवू?" सगळ्या माना माझ्याकडे. मी "लघवीचा" म्हणून मोकळा झालो. अहो, एक चिठ्ठी नि पेन ठेवा तिथे, माणसं लिहून देतील.

आत मात्र वेगळा कारभार. डॉक्टरांनी दार लावलं, पडदा ओढला, हात लावायच्या आधी काय करणार ते सांगितलं. उभं करून तपासलं, खोकायला लावलं, मग आडवं. नंतर दिवा घालवून गाठीमागे छोटी बॅटरी धरली. गाठ आकाशकंदिलासारखी लालसर उजळली! आत पाणी असलं की उजेड आरपार जातो, घट्ट गाठ असली की जात नाही. शिवाय ही गोळीपासून सुटी लागते, गोळीवरच नाही, हेही त्यांनी बोटांनी दाखवून दिलं. तरी म्हणाले, बॅटरीवर भागत नाही, सोनोग्राफी करूनच या. रिपोर्टमध्ये गोळीच्या मागच्या नळीवरची, एपिडिडायमिसची, साधी सिस्ट, म्हणजे पाण्याची गाठ, निघाली. गोळ्या-औषध नाही, ऑपरेशन नाही. वाढली किंवा दुखायला लागली तर या. ऑपरेशन सांगितलं असतं तर मी मुकाट केलं असतं, इतका घाबरलो होतो. चार तारे खरं तर त्या एका "नाही"चे.

मी विचारलं, मग धावायचं कधी? त्यावर खुर्ची पुढे ओढून बोलले. गोळीवरच कडक गाठ लागली, एक गोळी मोठी किंवा जड वाटायला लागली, तर दुखत नसली तरी लगेच दाखवायचं. अशी गाठ कॅन्सरची असू शकते; हा कॅन्सर म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांत जास्त दिसतो, आणि वेळेवर सापडला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. अचानक जीवघेणी कळ, सोबत उलटी, विशेषतः पोरवयात, तर गोळीला पीळ पडलेला असू शकतो; सहा तासांच्या आत हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही. आडवं झाल्यावर आत जाणारी फुगी बहुधा हर्निया. ती आत जाईनाशी झाली आणि दुखायला लागली, तर तेव्हाही थेट हॉस्पिटल. गोळ्यांच्या पिशवीत नुसतं पाणी भरलं तर ते हायड्रोसील. हत्तीरोगानेही असं पाणी भरतं, आणि सिंधुदुर्गात तो नवा नाही, त्यामुळे त्याचीही चौकशी त्यांनी केली. आमचे आजोबा अशाला सरसकट "अंडवृद्धी" म्हणत आणि धोतर सैल नेसत, बस्स.

मुलगा पुण्यात, 23 वर्षांचा. महिन्यातून एकदा गरम पाण्याच्या आंघोळीनंतर हाताने चाचपून बघ, हे त्याला फोनवर सांगायला दोन दिवस शब्द जुळवत होतो. सांगितलं, तर म्हणाला, "बाबा, मग ह्यां मार्चातच कित्याक नाय दाखवलात?"

फी 500, सोनोग्राफीचे वेगळे. सोमवारी गर्दी फार, मधल्या वारी जा. तरी मला तीन महिन्यांनी एकदा परत बोलावलंय. तेव्हा केसपेपरवरची ती लघवी आधी खोडून घेणार आहे.